राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात चिंतामणराव

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्ष स्वतः निवडतो आणि पक्षाच्या अधिवेशनात दोघेही भाषणं गाजवतात. दिल्लीत अशी जोडी नसते. राष्ट्रपतींना निवडून आलेले खासदार-आमदार मतं देतात, उपराष्ट्रपतींना फक्त खासदार.

१९६९ मध्ये तर उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरीच काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहिले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं. म्हणजे रेड्डींना नव्हे, गिरींना, हे सगळ्यांना कळलं!

तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष त्यांच्या पाठीशी होते. माझ्या मते तिघांत सर्वांत विद्वान तेच. पण मतं पडली १,१२,७६९.

पहिल्या पसंतीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. मग दुसरी पसंती मोजली. देशमुखांकडची बहुतेक मतं रेड्डींकडे वळली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. नोव्हेंबरात काँग्रेसमधून इंदिराजींचीच हकालपट्टी झाली आणि पक्ष दुभंगला.