त्रिपुरीचा पाक



गोहलपुरात राहणाऱ्या माणसाकडे पाहुणा आला की यजमानाचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नावेची फेरी, मग धुवाँधार धबधबा, परतताना शहरात खव्याची जिलबी, आणि संध्याकाळी पाहुण्याला आगगाडीत बसवून देणे. मीही कित्येक वर्षे असेच केले. नर्मदेकाठच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे हे मला ठाऊक होते. परंतु पायऱ्या चढण्यात वेळ गेला तर जेवणाला उशीर होईल, असा हिशेब मी दर वेळी केला. कलासंग्रह आणि उत्तम भोजन यांची एका सहलीत सांगड कशी घालावी, यावर मला आज बोलावयाचे आहे. तेव्हा ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

कलेचा आस्वाद आणि अन्नाचा आस्वाद यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. ‘रस’ हा शब्दच दोन्हीकडे चालतो. पण या शहराला त्याहून जवळचा एक दाखला आहे. येथून भेडाघाटकडे जाताना वाटेत तेवर हे गाव लागते. तीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. दहाव्या शतकात युवराजदेवाच्या दरबारी राजशेखर हा कवी आला आणि त्याचे ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक येथे रंगले. हा राजशेखर यायावर कुळातला; त्याच्या पूर्वजाला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. म्हणजे जबलपूरच्या परिसरात येऊन रमलेल्या महाराष्ट्रीयांच्या मालिकेत त्याचे स्थान बरेच वरचे म्हटले पाहिजे!

राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कवितेच्या परिपक्वतेला ‘पाक’ म्हटले आणि त्याचे नऊ प्रकार फळांच्या नावांनी सांगितले. कडुनिंब आरंभीही वाईट आणि शेवटीही वाईट. चिंच दोन्हीकडे मध्यम. सुपारी आरंभी बरी, पण शेवट बिघडवणारी. द्राक्ष आरंभी नकोसे, शेवटी मधुर. आंबा मध्यम चवीने सुरू होऊन गोडीत संपणारा, आणि नारळ आरंभापासून अखेरपर्यंत चांगला. ज्यांचा शेवट वाईट ते टाकावे, ज्यांचा मध्यम त्यांच्यावर संस्कार करावा, ज्यांचा गोड ते स्वीकारावे, असा त्याचा निवाडा आहे. पहिल्या घासाला त्यात निर्णायक मत नाही. याच चर्चेत तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे भिन्न मतही नावानिशी नोंदवतो. कवितेतला शब्द बदलता न येणे यालाच काही आचार्य पाक म्हणत. ती तर कवीची अशक्ती, असे तिचे म्हणणे होते.

आता ही कसोटी हाती घेऊन टेकडी चढू या. मी ती प्रथम चढलो तो माझ्या आत्याबाईंमुळे. त्या नागपुराहून आल्या होत्या. वय झालेले, गुडघे दुखरे. पण नावेत बसण्यास त्यांनी नकार दिला आणि पायऱ्यांकडे बोट दाखवले. वर गोलाकार भिंतीचे, आकाशाला उघडे असे आवार आहे. भिंतीच्या आतल्या बाजूने ओवऱ्यांची रांग फिरते. नाव चौसष्टांचे असले तरी योजना एक्क्याऐंशी योगिनींची होती. आत शिरताच माझे मन खट्टू झाले. कुणाचे हात गेलेले, कुणाचा चेहरा छिन्न, कुणाची वक्षस्थळे फोडलेली. ‘सगळ्या भंगलेल्याच आहेत, आत्याबाई,’ मी म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘भंगलेल्या मूर्तीची पूजा करीत नाहीत, असे म्हणतात ना? मग निदान नीट बघून तरी घे.’

आम्ही दोन तास बघत होतो. बैठकीचा डौल, कमरपट्ट्याची वीण, पायाशी कोरलेले वाहन आणि बहुतेक पीठांवर त्या त्या योगिनीचे नाव! हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने प्रत्येकीला तिचे नाव दिले होते, आणि मी मात्र त्यांना एका आकड्याने ओळखत आलो होतो. हा राजशेखराचा द्राक्षपाक होय. आरंभी नकोसा वाटतो. जो थांबतो त्यालाच गोडी मिळते.

त्याच भेडाघाटच्या इ. स. ११५५ च्या एका लेखात राणी अल्हणदेवीने शिवमंदिराबरोबर मठ, व्याख्यानशाळा आणि उद्याने उभारल्याचे सांगितले आहे. देवदर्शन, विद्या आणि विसावा यांची एकत्र योजना तिने केली होती. तो शिलालेख मात्र आता येथे नाही. एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेत गेला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींच्या लेखांचा जो बृहद्ग्रंथ १९५५ साली सिद्ध केला, त्यामुळे आपण तो वाचू शकतो. ज्या वस्तूकडे घरचे लोक पाहत नाहीत तिचा मोल जाणणारा दुसरा कोणी निघतो, एवढा बोध त्यातून घ्यावा.

म्हणून माझी सूचना अशी. एका दिवसाऐवजी दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी राणी दुर्गावती संग्रहालयातील कलचुरी शिल्पे पाहा आणि शहीद स्मारकातील भित्तिचित्रे पाहा. ती काढणारे ब्योहार राममनोहर सिंह हे नंदलाल बोस यांचे शिष्य. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान त्यांच्याच हाताने सजले आहे. त्यानंतर खव्याची जिलबी खा. खवा आणि आरारूट यांची, तुपात तळलेली ही जिलबी दिसायला काळसर आणि ओबडधोबड असते. केशरी, कुरकुरीत जिलबीची सवय असलेला पाहुणा प्रथम साशंक होतो. त्याला काही सांगू नका. शेवटचा घास होईपर्यंत थांबा.

दुसरा दिवस भेडाघाटला द्या. आधी टेकडी, मग नर्मदेकाठी गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले गक्कड आणि वांग्याचे भरीत. राजशेखराने वांग्याला आरंभी मध्यम आणि शेवटी वाईट ठरवून त्याज्य वर्गात टाकले आहे. नदीवरचा वारा, भुकेलेली मंडळी आणि विस्तवावरून नुकतेच उतरलेले भरीत हे सारे जुळून आले की या एका बाबतीत महाकवीशी मतभेद नोंदविण्याचे धैर्य येते. अवंतिसुंदरीने तो पायंडा पाडूनच ठेवला आहे.

उत्तम भोजन म्हणजे महागडे भोजन नव्हे. ज्याला पुरेसा वेळ दिला ते. कलेचेही तेच. आत्याबाई आता नाहीत. पाहुणे अजून येतात, आणि जेवणाला थोडा उशीर होतो.