शिशाची गोळी आणि तिचा वेग
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझी सगळी नोकरी लष्करात बंदुका दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे आज बोलायचं तर माझ्याजवळ विषय एकच, शिसं.

आपल्यापैकी जे एनसीसीत होते, त्यांनी पॉइंट टू टू रायफलने फायरिंग केलं आहे. त्या काडतुसातली गोळी साध्या शिशाची असते, जेमतेम अडीच ग्रॅमची. सैनिकाच्या इन्सास रायफलची गोळी जाडीला जवळपास तेवढीच, पण तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं. हा फरक का? उत्तर वेगात आहे. पॉइंट टू टूची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर जाते, इन्सासची सुमारे ९०० मीटर.

शिशाचा मोठा गुण म्हणजे मऊपणा. ते ३२७ अंशांना वितळतं आणि ओतलं की फट भरून बसतं. समोरचा सिंधुदुर्ग बघा. १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू झालं, तेव्हा पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलो. बंदुकीतही हाच गुण कामाला येतो. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. मऊ गोळी मागच्या दाबाने फुगते, खाचांत घट्ट बसते आणि गिरकी घेत बाहेर पडते. त्या गिरकीमुळेच ती सरळ जाते. १८५७ च्या एन्फिल्ड रायफलीची गोळी अशीच होती. ज्या चरबीवरून एवढा भडका उडाला, ती काडतुसाच्या कागदाला लावायची, ती गोळी नळीत सहज सरकावी म्हणून.

पुढे १८८० च्या दशकात धूर न होणारी दारू आली. नळीतला दाब वाढला, वेग वाढला आणि शिशाचा गुणच दोष ठरला. वेगात शिसं नळीत वितळतं, असा आपला समज असतो. खरं तर गोळी नळीत असते एका सेकंदाचा हजारावा भाग, जेमतेम. खरा घोटाळा दोन ठिकाणी होतो. गोळी मऊ असली की खाचांची पकड सुटते आणि ती गिरकी न घेताच घसरते. शिवाय कडेला जरा फट राहिली, तर तापलेला वायू तिथून घुसून शिसं खरवडतो. ते नळीला चिकटतं. मग पुढची प्रत्येक गोळी भरकटते.

परदेशात हौशी नेमबाज आजही घरी गोळ्या ओतून हा वेग गाठायचा प्रयत्न करतात. ते शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कडक करतात, मेणाचं वंगण लावतात, बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवतात. त्यासाठी जुन्या छापखान्यातले खिळे शोधून आणणारेही आहेत, कारण खिळ्यांची धातू हेच मिश्रण. एवढं करून सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास जाता येतं. पण लहान व्यासाच्या गोळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तोल जातो, कारण ती सेकंदाला हजारो फेरे घेते. म्हणून १८८२ साली स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी गोळीला तांब्याचं कवच चढवलं, आणि सैन्यांनी तोच मार्ग धरला.

म्हणजे साधी शिशाची गोळी बाद झाली का? मुळीच नाही. घाटापलीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, ते अशाच कवच नसलेल्या गोळीने. आपल्या वेगात राहिली की ती अचूकच जाते.

पण उघड्या शिशाची एक किंमत असते आणि ती मला मुद्दाम सांगायची आहे. फायरिंगच्या जागी शिशाची बारीक धूळ उडते, हातावर बसते, हातावरून तोंडात जाते. आपल्या किनाऱ्यावर तर शिसं घरातच असतं. जाळ्याला, गळाला लावायची वजनं कुणी कुणी चुलीवर वितळवून ओततात आणि शेजारी पोरं खेळत असतात. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार बाधतं. शरीरात त्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानत नाहीत, आणि त्रास होतोय हे लवकर कळतही नाही. तेव्हा ओतायचंच असेल तर घराबाहेर, वाऱ्याची पाठ धरून, पोरांपासून लांब. भांडं वेगळं ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकाला नको. ओल्या साच्यात तर कधीच ओतू नका, पाण्याची वाफ होऊन वितळलेलं शिसं अंगावर उडतं. काम झालं की हात साबणाने धुवा, कपडे बदला, मगच जेवायला बसा. शाळेतल्या फायरिंगनंतर कॅडेट मुलांनाही हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नये, एवढी विनंती मी आजच्या शिक्षकांना करतो.

शिसं मऊ आहे म्हणून गड उभा राहिला, म्हणून गोळी सरळ गेली. ते मऊ आहे म्हणूनच हाताला लागतं, हेही विसरू नका.