पुढच्या वर्षी कोणतं नाटक करायचं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रंगभूमी आणि मी’ असं छापलंय. त्यातल्या ‘मी’बद्दल सांगण्यासारखं फार नाही. दिवसा बँकेत नोकरी केली, संध्याकाळी तालमी केल्या, राज्य नाट्य स्पर्धेत बऱ्याचदा उतरलो आणि बक्षिसं बहुतेक वेळा दुसऱ्यांनी नेली. तेव्हा तुमची परवानगी आहे असं धरून विषय बदलतो. पुढच्या वर्षी शाळेच्या सभागृहाच्या छपरासाठी आपली बॅच नाटक करणार, हे नक्की झालंय. कोणतं करायचं, हेही ग्रुपवर दोन दिवसांत ठरून गेलं. ‘मोरूची मावशी’. कारण काय, तर नववीच्या स्नेहसंमेलनात आपण तेच केलं होतं.

अत्र्यांच्या त्या नाटकाविषयी माझी काही तक्रार नाही. ते अजून हसवतं. पण तेव्हाची एक गोष्ट तुम्ही विसरलाय, ती आठवून देतो. त्यातली मावशी पुरुषच असते, ते ठीक. पण नाटकात खऱ्या बायकाही आहेत, आणि आपल्याकडे त्याही मुलांनीच केल्या. मुलामुलींनी स्टेजवर एकत्र काम करायचं नाही, असा तेव्हा दंडक होता. मुलींनी घरून साड्या आणल्या, गजरे केले, आमच्या गंगावनाच्या वेण्या घातल्या आणि विंगेत उभ्या राहिल्या.

त्या बायकांपैकी एक मी होतो. मिसरूड नुकतं फुटत होतं, त्यावर पावडरचा थर. माझ्या अंगावरची साडी आपल्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईची होती, आणि तीच मुलगी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसली होती. वही तिला लागतच नव्हती. सगळं नाटक पाठ. दुसऱ्या अंकात मी अडकलो, तेव्हा तिनं विंगेतून वाक्य दिलं, आणि ते कसं बोलायचं तेही त्याच्या ठेक्यासकट दिलं. मी जसंच्या तसं म्हटलं आणि सभागृह हसून कोसळलं. अभिनयाचं बक्षीस मला मिळालं. ती कंपासपेटी मी कॉलेज संपेपर्यंत वापरली.

नाव घेत नाही. ती समोर बसली आहे, आणि नाव घेतलं तर उठून जाईल.

म्हणून माझी विनंती अशी की नाटक निवडताना आपल्याला काय आठवतंय यावर जाऊ नका, आपल्यात कोण बसलंय ते बघा. ‘नवं नाटक’ म्हटलं की तुम्ही घाबरता, हे मला माहीत आहे. तुम्हाला वाटतं अंधार, एक खुर्ची आणि कोणीतरी पाठमोरं बोलतंय. तशीही असतात, मी केलीत, प्रेक्षक मोजायला एका हाताची बोटं पुरली. माझी व्याख्या सोपी आहे. आपण शाळेतून बाहेर पडल्यावर जे लिहिलं गेलं ते आपल्यासाठी नवं.

आता त्यातलं काय काय करता येईल? १९९१ चं प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ घ्या. आई आणि तिच्या तीन मुली. थोरलीचं टेलिफोनवरचं लांबलचक बोलणं ऐकताना पलीकडचा नवरा न दिसता दिसत राहतो. २०२२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ते नव्या संचात पुन्हा आणलं, आणि तीस वर्षांनीही त्यातलं भांडण शिळं वाटलं नाही. बायकांना भरपूर काम आहे. अडचण एकच, धाकटीला दोन मुलगे आवडतात आणि तिला दोघांबरोबर राहायचं असतं. पहिल्या रांगेत आपले सर बसलेले असताना तो संवाद कोण म्हणेल, हात वर करा. बघा, एकही नाही.

क्षितिज पटवर्धनांचं ‘दोन स्पेशल’ मला फार आवडतं. १९८९ सालचं वर्तमानपत्राचं कार्यालय, एक रात्र, एक पत्रकार आणि त्याची जुनी मैत्रीण, जी बातमी थांबवायला आली आहे. ह. मो. मराठे यांच्या कथेवरून लिहिलेलं. मोबाइल नसलेलं ते जग आपल्याला शिकवावं लागणार नाही, आपण त्यातच वीस-एकवीस वर्षांचे होतो. आणि ज्यांना गर्दीचं, गाण्याबजावण्याचं, खणखणीत हवंय त्यांच्यासाठी राजकुमार तांगडेंचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आहे. पण त्याला संभाजी भगतांच्या तोडीचा शाहीर लागतो. आपल्याकडे शाहीर एकच होता, आणि तो आता न्यू जर्सीत असतो.

यावर तुम्ही म्हणाल, ही मोठ्या माणसांची कामं, आपल्याला कुठली जमायला? ‘शिवाजी अंडरग्राउंड’मधले बरेचसे कलावंत जालन्याकडचे शेतकरी होते. अतुल पेठेंनी गो. पु. देशपांड्यांचं ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन उभं केलं. विदर्भात श्याम पेठकरांनी ‘तेरवं’ लिहिलं, हरीश इथापेंनी बसवलं, आणि त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका स्वतः उभ्या राहिल्या. आपल्याला निदान रेशनिंग ऑफिसमध्ये आवाज चढवायची तरी सवय आहे.

आता खरं सांगतो. हे सगळं मी एका नाटकापाशी येण्यासाठी बोललो. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’. २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं, आणि पुढे लेखकाला त्यासाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. रंगमंचावर दोनच बायका. एक आवली, तुकोबांची बायको. नवऱ्याची भाकरी घेऊन डोंगर चढताना तिच्या पायात काटा मोडतो, आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो. दुसरी रखुमाई. आपल्या नवऱ्यानं परक्या बाईचा पाय हातात घेतला म्हणून ती घुश्शात आहे, आणि तरीही गरोदर आवलीच्या घरी लखुबाई बनून मदतीला येते. पुढे दोघी घरकाम करता करता बोलतात. बस्, एवढंच. एकीचा नवरा देवापायी घरात नाही, दुसरीचा भक्तांपायी. तुकोबा आणि विठ्ठल हे दोघं ज्यांच्याभोवती साडेतीनशे-चारशे वर्षं महाराष्ट्र उभा आहे, ते इथं बाहेर थांबतात आणि स्वयंपाकघरातल्या दोघी बोलतात.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायको शेजारी होती. मध्यंतरात ती चहाला उठली नाही. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, “तुझ्या स्पर्धांच्या तालमीला मीही डबा आणून द्यायचे.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

अडचणी आहेत, लपवत नाही. दोघींना गाता आलं पाहिजे, तेही चालता-बोलताना. आनंद ओकांच्या चाली सोप्या नाहीत. पण आपल्या वर्गातल्या किमान पाच जणी भजनी मंडळात आहेत. एकादशीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकता, मी ऐकतो. आणि रोज सकाळी मैदानावर प्रार्थना सांगणारा आवाज कोणाचा होता, ते सगळ्यांना आठवत असेल. वयाचं म्हणाल, तर छप्पन्नाव्या वर्षी गरोदर आवली चालणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी चौदाव्या वर्षीचा मी आठवावा.

पुरुषांनी काय करायचं? नेपथ्य, प्रकाश, तिकिटं, आणि हो, साड्यांना इस्त्री.

एक गोष्ट मात्र आधी. लेखकाची आणि ‘भद्रकाली’ या निर्मितीसंस्थेची लेखी परवानगी घेतल्याशिवाय तालीम सुरू करायची नाही. मानधन आधी, तिकीटविक्री नंतर. परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचंही त्यांनाच विचारून घेऊ. हे मी का सांगतोय, तर तरुणपणी आमच्या ग्रुपनं एका लेखकाला न विचारता त्याचा दुसरा अंक कापला होता. कापायची कल्पना माझी. त्यांचं पोस्टकार्ड आलं, चार ओळींचं, एकही शिवी नसलेलं. ते अजून माझ्याकडे आहे. परवानगी मिळाली नाही तर ‘दोन स्पेशल’साठी विचारू, पण अर्ज आधी इथं करायचा.

नटसंच आज ठरवायचा नाही. आधी नुसतं वाचन करू. ‘देवबाभळी’च्या पुस्तकाच्या दोन प्रती माझ्या पिशवीत आहेत. चहा झाला की नववी ‘ब’च्या वर्गात बसू, शिपाईमामांकडून किल्ली घेऊन ठेवली आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी यावं, ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांनीही. मागच्या बाकावर वही घेऊन मी बसेन. या वेळी प्रॉम्प्टिंग माझ्याकडे.