रविवारी आलेला २६ जानेवारी

(यंदाच्या प्रजासत्ताक दिनी ध्वजवंदनानंतर सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि उपम्याचा वासही सुटलाय, तेव्हा थोडक्यात सांगतो.

परवा लिफ्टमध्ये बी विंगमधल्या सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं, "आजोबा, संविधान दिन २६ नोव्हेंबरला असतो, मग प्रजासत्ताक दिन त्यानंतर दोन महिन्यांनी का?" मी ३४ वर्षं बँकेत काढली. चेक हातात आला की आधी तारीख बघायची, ही सवय. पण या तारखेचं उत्तर मला चटकन देता आलं नाही. घरी जाऊन पुस्तकं काढली.

झालं होतं असं. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तिथे पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या काठी तिरंगा फडकला. पुढच्याच महिन्यात, २६ जानेवारी १९३० ला, देशभर लोक जमले आणि त्यांनी स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली. तेव्हापासून दरवर्षी हाच दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जायचा. स्वातंत्र्य हातात नव्हतं, तरी दिवस पाळायचे!

प्रत्यक्ष स्वातंत्र्य आलं १५ ऑगस्टला. ती तारीख माउंटबॅटन यांनी निवडली. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती. मग आपल्या २६ जानेवारीचं काय? संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं. नागरिकत्वासारखी काही कलमं लगेच लागू झाली. बाकीचं संविधान मात्र २६ जानेवारी १९५० ला अमलात आणलं, ते त्या जुन्या दिवसाची आठवण राहावी म्हणून. फाळणीत लाहोर आणि रावीचा तो काठ सीमेपलीकडे गेला. जागा गेली, पण तारीख आपण राखली.

आता एक कबुली देतो. नोकरीत असताना नवं कॅलेंडर आलं की आम्ही आधी २६ जानेवारीचा वार बघायचो. रविवार निघाला की हळहळ, "गेली एक सुट्टी!" आणि पुस्तकात काय वाचलं? १९३० चा तो पहिला २६ जानेवारी रविवारच होता. परक्यांचं राज्य असताना लोक त्या रविवारी घराबाहेर पडले होते. माझी मलाच लाज वाटली.

आज इथे आपण मोजून २२ जण आहोत. फ्लॅट आहेत ८४. कुणाला दोष देत नाही. मीही कित्येक वर्षं पांघरुणात बसून टीव्हीवरच परेड बघितली आहे.

यंदा आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. नोंदणीची तारीख सर्टिफिकेटवर आहे, ती टिकेल. पण या आवारात पहिल्यांदा झेंडा लागला, तेव्हा कोण कोण होतं, दोरी कुणी ओढली, हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्यांना आठवतं त्यांनी मुलांना सांगा. तारीख कागदावर असते, पण तिचा अर्थ कुणीतरी सांगावाच लागतो.

तो सातवीतला मुलगा पहिल्या रांगेत उभा आहे. बाळा, तुला उत्तर मिळालं ना? मग दोन मित्रांना सांग. आणि मोठ्यांनो, पुढच्या २६ जानेवारीला खाली येताना शेजारची बेल वाजवा.

जय हिंद! जय महाराष्ट्र!