पाखराचा विश्वास



राज्यकारण, वाङ्मय, अध्यात्म अशा भारदस्त विषयांच्या या मालेत एका पाखराला जागा दिल्याबद्दल आम्ही चालकांचे आभारी आहोत. "पोपटावर काय बोलणार?" असे एका स्नेह्यांनी वाटेतच विचारले. आम्ही म्हणालो, "पोपटाच्या निमित्ताने आमच्यावरच बोलणार आहोत!"

जुन्या वाड्यांच्या ओसरीवर मिठूचा पिंजरा टांगलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो पेरू खाई, मिरची खाई, देवाचे नाव घेई. तेवढ्यावरून तो आपला झाला असे आपण धरून चालत होतो. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्या रानातला पोपट पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आमच्या घरी आला तो कॉकटील. मूळचा ऑस्ट्रेलियातला, परंतु पिंजऱ्यातच जन्मलेल्या कुळातला. अंग करडे, डोक्यावर पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. एका परिचित बिऱ्हाडाची बदली झाली, तेव्हा त्यांनी तो आमच्या स्वाधीन केला.

पहिल्याच दिवशी आम्ही चूक केली. पाहुणे जमले होते. "हातावर घेऊन दाखवा ना!" असा आग्रह झाला. आम्ही पिंजऱ्यात हात घालून त्याला मुठीत धरले. तो किंचाळला, कडकडून चावला, तीन पिसे गळाली. पाहुणे हसले, आम्हीही हसलो. पण आमच्या मुठीत त्याची छाती जी धडधडली, ती रात्री अंथरुणावर पडल्यावरही हाताला जाणवत होती. पुढे पंधरा दिवस आमचा हात दिसला की तो कोपऱ्यात जाई आणि तुरा डोक्याला चिकटवून फुत्कार टाकी.

यात त्याचा काय दोष? डोक्याच्या दोन्ही बाजूंना डोळे असणारा हा जीव इतरांचे भक्ष्य आहे. वरून झेपावणारी वस्तू म्हणजे ससाणा, आणि मिटणारी मूठ म्हणजे मरण, एवढेच त्याचे रक्त त्याला सांगते. आमचे प्रेम त्याला कोठून कळावे?

तेव्हा आम्ही पहिलीपासून शिकायला बसलो. पिंजरा भिंतीला लागून, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, म्हणजे पाठीमागची भीती उरत नाही. स्वयंपाकघरापासून मात्र दूर. कारण न चिकटणारे तवे फार तापले की त्यांच्या वाफेने पाखरू काही मिनिटांत मरते. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता. रोज सकाळी दोन हातांवर बसून आम्ही वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागलो. अग्रलेख त्याला रुचले की नाही, ते ठाऊक नाही. पण आठवड्याने तुरा सैल पडला.

मग राळ्याचे कणीस. गजांतून टोक आत सरकवायचे आणि हात दगडासारखा ठेवायचा. तो मागे सरला की आपणही थांबायचे. काही दिवसांनी कणीस दारात, मग तळहातावर, आणि शेवटी पायांच्या वर, पोटाशी अलगद टेकवलेले बोट. सातव्या आठवड्यात एक पाय बोटावर आला. दुसरा यायला आणखी चार दिवस लागले!

"एक दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने येईल," असा सल्ला अनेकांनी दिला. तो आम्ही मानला नाही. एक तर एवढ्याशा जिवाला उपास सोसत नाही. आणि दुसरे म्हणजे, भुकेने जो येतो तो दाण्याकडे येतो, आपल्याकडे नव्हे.

आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषींनी १९७७ मध्ये शिकागोतील एका दुकानातून आफ्रिकन करडा पोपट आणला. त्याचे नाव ॲलेक्स. पुढे तो रंग, आकार आणि संख्या ओळखू लागला. त्याच्यासमोर दोन माणसे वस्तूंची देवघेव करीत बोलत आणि तो पाहून शिके. असे काम २००७ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत चालले. म्हणजे पाखरू आपल्याला सारखे न्याहाळत असते. आपण मात्र त्याला न्याहाळायचे विसरतो.

काही महिन्यांनी तेच पाहुणे पुन्हा आले. पुन्हा तोच आग्रह. या वेळी आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, पिंजऱ्याचे दार उघडले आणि म्हणालो, "त्यालाच विचारा." तो आला नाही. पाहुणे खट्टू झाले. आम्ही हात पुढे केला नाही. सगळे गेल्यावर, दिवेलागणीला, तो आपण होऊन बाहेर आला, आमच्या खांद्यावर बसला आणि पेंगताना चोच करकरवू लागला. हे त्याच्या समाधानाचे लक्षण.

बंधुभगिनींनो, ज्याला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे, त्याच्याच 'हो'ला किंमत असते. हे आम्हांला या वयात एका वीतभर पाखराने शिकवले. घरातल्या मुलांशी वागतानाही आता ते आठवते. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.