घर विकले गेले म्हणजे बिऱ्हाडकरूचे काय?

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



काही व्यवहारोपयोगी बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी वकील नव्हे. मॅट्रिक होऊन सारी हयात मुलांचे शुद्धलेखन तपासण्यात घालविलेला शाळामास्तर आहे. परंतु नोटिशीचा कागद हाती पडला की शेजारीपाजारी तो वाचून घेण्यास माझ्याकडे येतात, आणि त्या निमित्ताने कायद्याची पुस्तके चाळणे मला भाग पडले.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे पुण्याच्या पेठांतील वाड्यांत व मुंबईच्या चाळींत दोन-दोन पिढ्या भाड्याने राहत आली आहेत. एके दिवशी कोणी अपरिचित गृहस्थ दारात येऊन सांगतो, ‘‘वाडा मी विकत घेतला आहे, महिनाअखेर जागा मोकळी करा.’’ हे ऐकताच वडीलधारी माणसे खचून जातात. वस्तुतः खचण्याचे कारण नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०९ अन्वये विकत घेणारा हा जुन्या मालकाच्या हक्कांबरोबर त्याच्या जबाबदाऱ्यांचाही धनी होतो. मालक बदलतो, भाडेकरार मोडत नाही. नव्याने करार लिहून दिला नाही म्हणूनही तो मोडत नाही.

शहरांतील जागांना आणखी संरक्षण आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडेकायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. भाडेकरू नियमाने भाडे देत आहे व कराराच्या अटी पाळीत आहे तोवर त्याला जागेतून काढता येत नाही. काढावयाचे तर कायद्यात सांगितलेले कारण न्यायालयापुढे सिद्ध करावे लागते. ‘मी घर विकत घेतले’ हे त्या कारणांत नाही. नव्या मालकास स्वतःच्या निवासाची खरी गरज दाखविता येते, हे खरे. परंतु अधिक हाल कोणाचे होतील हेही न्यायालय तोलून पाहते. जुनी इमारत पाडून नवी बांधावयाची असेल, तर पैसा व नकाशे तयार असल्याची न्यायालयाची खात्री पटवावी लागते. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूस हैराण करणे तर कलम २९ ने निषिद्धच आहे.

आता भाडे द्यावे कोणास? विक्रीची काहीच कल्पना नसताना भाडेकरूने जुन्या मालकास भाडे दिले, तर तेच भाडे नवा मालक पुन्हा मागू शकत नाही. मात्र विक्री कळल्यावर जुन्या मालकाकडून तसे लेखी घ्यावे आणि नव्या मालकास भाडे धनादेशाने द्यावे. तो घेत नसल्यास, आपण देण्यास तयार आहोत असे पोच मिळेल अशा रीतीने पोस्टाने कळवावे. भाडे थकविणे हाच भाडेकरूचा सर्वांत मोठा शत्रू. थकबाकीसाठी दावा करण्यापूर्वी लेखी मागणीनंतर नव्वद दिवस जावे लागतात; ती मुदत उशाशी घेऊन झोपू नये. पावती मागण्यात संकोच कसला? ती देणे मालकावर बंधनकारक आहे.

खरा धोका निराळाच आहे, तो म्हणजे सही. माझ्या परिचयातील एका वृद्ध भगिनीपुढे, ‘‘पावती नव्या नावाने करावयाची आहे, येथे सही करा, आजी,’’ असे म्हणून एक टंकलिखित कागद ठेवण्यात आला. सुदैवाने कॉलेजात शिकणारी नात घरी होती. तिने तो वाचला, तेव्हा सातव्या ओळीत ‘जागेचा ताबा राजीखुशीने सोडीत आहे’ असे शब्द निघाले. सही झाली नाही. त्या बाई आजही त्याच दोन खोल्यांत आहेत. पस्तीस वर्षांच्या पावत्या त्यांनी फराळाच्या रिकाम्या डब्यात जपून ठेविल्या होत्या. त्यांचा पुढे फार उपयोग झाला.

तरुण मंडळींनी मात्र हे सारे आपल्यालाही लागू आहे असे समजू नये. सांप्रत अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा कागद सर्रास होतो. तो परवाना आहे, भाडेपट्टा नव्हे. १८८२ च्याच ईझमेंट अ‍ॅक्टचे कलम ५९ सांगते की, मालकाने मालमत्ता दुसऱ्यास दिली तर घेणारा त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. म्हणून घर विकल्यास किती दिवसांची सूचना मिळेल आणि अनामत रक्कम कोण परत करील, हे कागदातच लिहवून घ्यावे आणि तो नोंदवावा. अनामतीचे पैसे बहुधा लग्नकार्याकरिता साठविलेले असतात!

या सभेत घरमालकही बसले आहेत. त्यांनी रागावू नये. आपले घर विकण्यास त्यांना भाडेकरूची संमती लागत नाही, आणि सर्वसाधारणपणे भाडेकरूस घर प्रथम विकत घेण्याचा हक्कही नाही. पावसाळ्यात कौले बदलण्यापुरतेही भाडे येत नाही, ही त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे: खरेदीखत होताच भाडेकरूंना चार ओळींचे पत्र स्वतः लिहावे, म्हणजे ती बातमी त्यांना दारात आलेल्या परक्या माणसाकडून कळणार नाही.

ज्यांना आपले कागद दाखवावयाचे असतील त्यांनी भोजनोत्तर मंडपाच्या उजव्या बाजूस यावे. आपल्या ज्ञातीतील दोन वकील तेथे बसणार आहेत.