गाठीला बांधलेली ठेव

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या. निवृत्तीनंतर मात्र एक ठेव माझ्या हातून बुडता बुडता वाचली, तिची ही हकीकत.

शेजारच्या वहिनी मुलाकडे बंगळूरला राहायला गेल्या, तेव्हा त्यांनी एक टांगती कुंडी माझ्या हाती दिली. म्हणाल्या, "भाऊजी, हिला जपा. पाणी मात्र बेतानं." शेवटचं वाक्य मी विसरलो. रोज सकाळी नेमानं पाणी घातलं. पावसाळ्यात पानं पिवळी पडली, आणि मातीतला कंद पार कुजला.

मग मी त्या वेलीची माहिती काढली. तिचं नाव सेरोपेजिया वुडी. मूळची दक्षिण आफ्रिका, एस्वातिनी आणि झिम्बाब्वे इथली. जॉन मेडली वुड यांना ती १८८१ मध्ये नाताळ वसाहतीत खडकांवरून लोंबताना सापडली. नाताळ म्हणजे गांधीजींमुळे आपल्याला ठाऊक झालेला तोच प्रदेश. बदामाच्या आकाराची छोटी पानं जोडीजोडीनं येतात, वरून हिरवी-चंदेरी, खालून जांभळट. पानं मांसल, कारण त्यांत पाणी साठवलेलं असतं. म्हणजे माझं रोजचं पाणी तिला नकोच होतं!

फूल कंदिलासारखं. आतल्या केसांमुळे बारीक माशी आत जाते, पण लगेच बाहेर येऊ शकत नाही. पुढे केस सुकतात आणि ती परागकण घेऊन सुटते. आपल्या सह्याद्रीतली कंदीलपुष्पं हिचीच भावंडं, आणि रुईही याच कुळातली. सह्याद्रीतल्या काही जाती फार दुर्मीळ आहेत, तेव्हा ट्रेकला गेलात तर बघा, फोटो काढा, पण उपटू नका.

आता मुद्द्याचं. या वेलीच्या पेरांवर मण्यांसारख्या गाठी धरतात. ते छोटे कंदच असतात. मातीला टेकले की मुळं फुटतात. आपण म्हणतो ना, गाठीला काहीतरी असावं, तसंच हे! सुकत चाललेल्या फांद्यांवरचे पाच मणी मी वाळूमिश्रित मातीवर नुसते टेकवले आणि पाण्याला आवर घातला. त्यातले तीन रुजले.

वहिनी आज खास कार्यक्रमासाठी आल्या आहेत, पहिल्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, फोनवर तुम्ही विचारायचात आणि मी "छान आहे" म्हणायचो. ते खोटं होतं. तुमचा मूळ कंद माझ्या हातून गेला. पण त्याच वेलीच्या तीन कुंड्या माझ्या गॅलरीत आहेत. जाताना घेऊन जा. एक राहू दिलीत, तर पाणी बेतानं घालीन.